नारळ फुटला, पण स्क्रीन काळीच

मंडळी, आपण आयटीत आहोत म्हणजे आपल्याला कॉम्प्युटर कळतो, हा गैरसमज नातेवाइकांचा असतो तोवर ठीक असतं. मे २०२५ पर्यंत तो माझा स्वतःचाही होता.

झालं असं, की मिरजेच्या मामाची मुलगी सिव्हिलच्या डिप्लोमाला आहे. ऑटोकॅड शिकायचं, प्रोजेक्ट करायचे, तर घरी मशीन हवं. मामा एसटीत कंडक्टर. त्यांनी पतसंस्थेतून पस्तीस हजार उचलले आणि थेट माझ्या हातात ठेवले. "तू त्यातला माणूस हाईस. तूच बघ." लॅपटॉप का नाही, हा प्रश्न तिनेच निकालात काढला. तिला ड्रॉइंगसाठी मोठा स्क्रीन हवा होता, आणि मशीन घरातच राहणार होतं. मी खूश! आठवडाभर रात्री जेवण झाल्यावर एक्सेल उघडून बसलो. या साइटवर रॅम स्वस्त, त्या साइटवर एसएसडी स्वस्त, तिसरीकडे मदरबोर्ड सहाशे रुपयांनी कमी. चार ठिकाणांहून सामान मागवलं, खोकी घेऊन स्वारगेटला एसटीत बसलो आणि रविवारी सकाळी मामांच्या हॉलमध्ये सतरंजीवर सगळं मांडलं.

मशीन जोडून झालं. मामीने कॅबिनेटवर हळदकुंकू वाहिलं, नारळ फुटला, शेजारच्या काकूही आल्या. बटण दाबलं. पंखे फिरले, लाईट लागले आणि स्क्रीन काळीच.

पुढचे दोन तास मी काय काय केलं ते सांगत नाही, लाज वाटते. रॅम काढून बसवली, एकच कांडी लावून पाहिली, बोर्डावरचा सेल काढून परत लावला, मॉनिटरची केबल बदलली. कॅबिनेटला बीप देणारा छोटा स्पीकरही नव्हता, त्यामुळे मशीन मुकं. मामा एक अक्षर बोलले नाहीत, फक्त मधूनमधून दारात येऊन उभे राहायचे. त्यांनी ओरडलं असतं तर बरं वाटलं असतं.

शेवटी मशीन उचलून सांगलीच्या एका दुकानदाराकडे नेलं. त्याने झाकण उघडलं, बोर्डाचं नाव वाचलं आणि विचारलं, "बोर्ड कुठनं घेतला? जुना स्टॉक दिसतोय." एवढंच. मी घेतला होता रायझन ५ ५६००जी. चांगला प्रोसेसर, सहा कोअर, ग्राफिक्स आतच, म्हणजे वेगळं कार्ड नको. बोर्ड घेतला होता बी४५०. दोघांचं सॉकेट एकच, एएम४. साइटवर लिहिलेलं, '५००० सिरीज सपोर्टेड'. खोटं काहीच नव्हतं. फक्त बी४५० हा चिपसेट २०१८ चा आणि ५६००जी आला २०२१ मध्ये. मधल्या काळात ज्यांचं बायोस अपडेट झालं, तेच बोर्ड हा प्रोसेसर ओळखतात. माझा बोर्ड त्याआधीच खोक्यात बंद होऊन गोडाऊनमध्ये पडलेला. त्याला बिचाऱ्याला कळेचना, की हा पाहुणा कोण.

आणि बायोस अपडेट करायचं तर मशीन सुरू व्हायला हवं, मशीन सुरू व्हायचं तर बायोस अपडेट हवं! काही बोर्डांना प्रोसेसरशिवायही पेनड्राइव्हवरून बायोस भरायची सोय असते. माझ्या सहाशे रुपये स्वस्त बोर्डाला ती नव्हती. दुकानदाराने ड्रॉवरमधून जुना रायझन ३ २२००जी काढला. माझा कूलर काढताना आधी हलकेच पिळला, मग उचलला. एएम४ मध्ये पिना प्रोसेसरलाच असतात. कूलर सरळ वर ओढला तर पेस्टला चिकटून प्रोसेसरही सॉकेटमधून उपटून येतो आणि पिना वाकतात. हे मला वाचून माहीत होतं, त्याच्या हाताला माहीत होतं. जुना प्रोसेसर लावून बायोस अपडेट केलं, माझा परत बसवला, स्क्रीन उजळली. तीनशे रुपये घेतले. मी पाचशे देत होतो, नको म्हणाला.

तर सांगायचा मुद्दा. जो उठतो तो पहिल्यांदा मशीन जोडणाऱ्याला 'कंपॅटिबिलिटी चेक कर' म्हणतो आणि साइटवरची हिरवी टिक दाखवतो. ती टिक सॉकेट बघते, डीडीआर४ की डीडीआर५ ते बघते. तेवढं तर दोन मिनिटांत कळतं. एएम४ म्हणजे डीडीआर४, एएम५ म्हणजे डीडीआर५. इंटेलच्या बाराव्या ते चौदाव्या पिढीला दोन्ही चालतात, पण बोर्ड ज्याचा असेल तीच रॅम, कारण खाच वेगळ्या जागी असते आणि दुसरी बसतच नाही. खरी भानगड त्याच्या पुढे आहे. बोर्ड बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवर प्रोसेसरची यादी असते आणि तिच्यात प्रत्येक प्रोसेसरपुढे लिहिलेलं असतं, कोणत्या बायोसपासून चालेल. तो रकाना मी बघितलाच नव्हता. आणि ऑफिसात मी दिवसभर काय करतो? लायब्ररींची व्हर्जन जुळवतो! 'माझ्या मशीनवर तर चालतंय' म्हणणाऱ्याला नावं ठेवतो.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची, आणि इथे बरेच मित्र माझ्याशी भांडतात. चार ठिकाणांहून घेतलेल्या चार वस्तूंची प्रत्येकी वॉरंटी असते. त्या एकत्र चालतील याची वॉरंटी कुणाचीच नसते. माझा बोर्ड परत पाठवला असता तर विक्रेता म्हणाला असता, बोर्ड उत्तम आहे. प्रोसेसरवालाही तेच म्हणाला असता, आणि दोघंही खरं बोलले असते. म्हणून माझं आता ठाम मत झालंय, की पहिलंच मशीन असेल आणि पैसा मोजका असेल, तर प्रोसेसर, बोर्ड आणि रॅम या तीन वस्तू एकाच दुकानातून घ्याव्यात, आणि तिथेच जोडून, स्क्रीनवर बायोस दिसल्यावर पैसे द्यावेत. पाच-सातशे जास्त गेले तरी चालतील. मुंबईत लॅमिंग्टन रोडला हे सहज होतं, सांगलीतही होतं. 'दुकानदार फसवतात' हे मलाही मान्य आहे. जुना माल नवा म्हणून गळ्यात मारणारे, नको तो अँटिव्हायरस चिकटवणारे मीही पाहिलेत. पण त्याच्याकडे रविवारी मशीन घेऊन जाता येतं. एक्सेलकडे जाता येत नाही.

बाकी एसएसडी, कॅबिनेट, कीबोर्ड कुठूनही घ्या. एसएसडी घेताना एवढंच बघा, की बोर्डाच्या एम.२ खाचेत एनव्हीएमई चालते की साटा, कारण दोन्ही दिसायला सारख्याच.

एसएमपीएसवर मात्र थांबतो. कॅबिनेटसोबत 'फुकट' मिळणारा एसएमपीएस ही स्वस्त मशीनची सगळ्यात महाग वस्तू. वर मोठ्या अक्षरात ४५० वॅट असतं. त्याखालचा बारीक तक्ता वाचा. आजच्या मशीनमधला जवळपास सगळा भार १२ व्होल्टच्या लाइनवर पडतो. तिथे १८ अँपिअर लिहिलं असेल तर बारा गुणिले अठरा, २१६ वॅट. बाकीचे वॅट फक्त लेबलवर! तसं बघितलं तर ५६००जी फार खादाड नाही, ६५ वॅटचा प्रोसेसर, भर जोरात असतानाही सुमारे ८८ वॅट घेतो. म्हणजे प्रश्न वॅट कमी पडण्याचा नाही, भडकलेल्या एसएमपीएसने जाताना सोबत बोर्ड घेऊन जाण्याचा आहे. आमच्या मामांकडे लाईट येते-जाते, यूपीएस लागतोच. त्यातही एक गोम अशी, की स्वस्त यूपीएस बॅटरीवर गेला की चौकोनी लहर देतो आणि काही चांगले एसएमपीएस तिच्यावर बंद पडतात. म्हणून दुकानातच दोन्ही जोडून, प्लग काढून बघितलं. या एका बाबतीत मी शहाणा ठरलो.

रॅमही एक १६ जीबीची कांडी न घेता ८-८ च्या दोन घेतल्या. ग्राफिक्स प्रोसेसरमध्येच असेल तर ते रॅमच वापरतं, आणि दोन कांड्यांनी दोन रस्ते उघडतात. चार खाचा असतील तर साधारणपणे प्रोसेसरपासून दुसरी आणि चौथी. (भाव मुद्दाम देत नाहीये. २०२५ च्या अखेरीस रॅमचे भाव असे भडकले, की माझं एक्सेल आता ऐतिहासिक दस्तऐवज आहे.)

काही जण म्हणाले, एवढी उठाठेव कशाला, ऑफिसातून निघालेलं जुनं मशीन घ्यायचं, निम्म्यात काम. पर्याय वाईट नाही. पण विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि विंडोज ११ ला अधिकृतपणे इंटेलची किमान आठवी पिढी लागते. बाजारात 'आय-फाइव्ह, एकदम मस्त' म्हणून चौथी-सहावी पिढी फिरत असते. पिढी विचारा, मग 'मस्त'चं बघू.

परवा मामेबहिणीचा मेसेज आला. "दादा, मैत्रीण तिचं ग्राफिक्स कार्ड स्वस्तात विकतेय. आरएक्स ६५०० एक्सटी. घेऊ का?" आधीचा मी असतो तर कॅबिनेटची लांबी मोजून 'घे' म्हणालो असतो. हे कार्ड पीसीआयई ४ च्या फक्त चार लेन वापरतं. तिचा बोर्ड आणि ५६००जी, दोन्ही पीसीआयई ३ वाले. म्हणजे आधीच अरुंद रस्ता, तोही निम्मा, आणि मेमरी फक्त ४ जीबी. तिच्या टूडी ड्रॉइंगना तर गरजही नाही. मी नको म्हटलं, आणि सांगलीवाल्याचा नंबर दिला.

ती म्हणाली, "त्यांना कालच विचारलं. तेही नको म्हणाले."