भुंगेरा बरोबर, बाई चूक!

चौथीला पाण्याचा पाठ शिकवताना मी दरवर्षी नामिब वाळवंटातल्या भुंगेऱ्याची गोष्ट सांगायचे. आफ्रिकेच्या नैऋत्य किनाऱ्यावरचं हे वाळवंट. पाऊस नावालाच, पण अटलांटिक समुद्रावरून धुकं येतं. तेव्हा एक काळा भुंगेरा वाळूच्या टेकडीच्या माथ्यावर चढतो आणि डोकं खाली, पाठ वर करून उभा राहतो. पाठीवर जमलेले थेंब ओघळत त्याच्या तोंडात येतात. मुलं अगदी रंगून जायची. मीही व्हिडिओत ऐकलेलं ठोकून द्यायचे : नाव स्टेनोकारा, पाठीवर उंचवटे, म्हणून पाणी जमतं.

यंदा एका मुलीने विचारलं, "बाई, असं उभं राहताना त्याला कुणी बघितलं?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. घरी जाऊन शोधलं. १९७६ मध्ये हॅमिल्टन आणि मेरी सीली यांनी हे वागणं नोंदवलं, ते ओनिमॅक्रिस उंगिक्युलॅरिस या भुंगेऱ्याचं. त्याची पाठ तर गुळगुळीत! उंचवट्यांचा सिद्धांत २००१ च्या एका शोधलेखातला. तो गाजला, त्यावरून पाणी गोळा करणाऱ्या वस्तूही बनू लागल्या. पुढे २०१० मध्ये नॉरगार्ड आणि डाके यांनी चार जातींचे भुंगेरे धुक्यात ठेवून पाहिले. डोकं खाली करून उभा राहिला तो फक्त ओनिमॅक्रिस. स्टेनोकारा नाहीच!

दुसऱ्या दिवशी मी वर्गात सांगितलं, "बाई चुकल्या होत्या." एक सहकारी म्हणाल्या, "एवढ्याशा पोरांना काय फरक पडतो? भुंगेरा तो भुंगेराच." मला हे पटत नाही. नाव विसरलं तरी चालेल. पण 'कुणी बघितलं?' हा प्रश्न चौथीत दाबला, तर दहावीत तो येणारच नाही. मग विज्ञान म्हणजे नुसतं पाठांतर. आणि चूक कबूल केल्याने माझा मान कमी झाला नाही. उलट दुसऱ्या दिवसापासून प्रश्न वाढले.

पालकांनो, आपल्या पिठात होणारा बारीक तांबडा भुंगेराही याच कुळातला बरं का! पुढच्या वेळी पीठ चाळताना एक-दोन बाटलीत ठेवा आणि मुलांना आठवडाभर बघू द्या. काय दिसलं ते त्यांनाच लिहू द्या. आपण आधी काही सांगायचं नाही.