एकशे आठ तिकिटं, शंभर सीट

परवा नात कागदांचे दोन गठ्ठे घेऊन आली. "आजी, तपासून दे. पण शाळेतल्यासारखं लाल पेन नको हं!" कॉलेजात त्यांनी तिघा-तिघांचे दोन गट केले होते आणि सरावासाठी अमेरिकेतल्या गणिती मॉडेलिंगच्या स्पर्धेतला २००२ सालचा प्रश्न घेतला होता. ही स्पर्धा १९८५ पासून चालू आहे. तिघांचा गट, हातात मोजके दिवस, आणि शेवटी एक निबंधवजा पेपर. एकच बरोबर उत्तर असं काही नसतंच. (जन्मभर उत्तराखाली दोन रेघा मारायला लावणाऱ्या बाईला हे पचायला जरा जडच!)

प्रश्न विमानाच्या ओव्हरबुकिंगचा. तिकीट काढूनही काही प्रवासी येत नाहीत. सीट रिकामी गेली की तेवढे पैसे बुडाले, म्हणून कंपन्या सीटपेक्षा जास्त तिकिटं विकतात. तर किती जास्त विकावीत? ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यांनंतरचे दिवस होते. उड्डाणं कमी, तपासणी कडक, लोक घाबरलेले. तेही हिशेबात धरायचं होतं. शिवाय कंपनीच्या प्रमुखासाठी एक छोटं टिपण लिहायचं होतं.

त्या स्पर्धेत पेपरवर नाव नसतं, नुसता क्रमांक. आणि पहिल्या फेरीत परीक्षक मुख्यतः सुरुवातीचा सारांश वाचून पेपर वेगळे काढतात. नातीला हा अन्याय वाटतो. इतकी मेहनत आणि एका पानावर निकाल! मला नाही वाटत. ज्या साहेबाने निर्णय घ्यायचा तोही एकच पान वाचणार. माझं म्हणणं इतकंच की त्या पानावर नफ्याच्या आकड्याशेजारी गृहीतकही दिसलं पाहिजे.

आता बघा. दोन्ही गटांनी १०० सीटचं विमान धरलं, आणि दर १० प्रवाशांत सरासरी एक येत नाही असं धरलं. नातीच्या गटाचा सल्ला: १०८ तिकिटं विका. सरासरी ९७ च माणसं येणार, आणि कुणाला तरी खाली ठेवायची वेळ साधारण १४ टक्के उड्डाणांत येईल, म्हणजे सातांत एकदा. रंगीत आलेख, टापटीप मांडणी. हिशेबही चोख, मी करून पाहिला.

दुसऱ्या गटाचा पेपर गबाळा. पण शेवटून दुसऱ्या पानावर एक वाक्य होतं: 'प्रत्येक प्रवासी स्वतंत्रपणे येतो किंवा येत नाही असं आम्ही धरलं आहे, पण माणसं कुटुंबासह प्रवास करतात, त्यामुळे आमचं मॉडेल धोका कमी दाखवत असेल.'

मी रात्री कॅल्क्युलेटर घेऊन बसले. तीच १०८ तिकिटं ५४ जोडप्यांनी काढली आहेत, आली तर दोघं, नाही तर कुणीच नाही, असं धरलं. सरासरी तीच, ९७. पण गर्दी होण्याची शक्यता १४ वरून २० टक्क्यांवर गेली! सातांतलं एक उड्डाण आता पाचांतलं एक झालं. म्हणजे गबाळ्या पेपरातलं ते वाक्य खरं होतं, आणि नातीच्या पेपरात ते कुठेच नव्हतं.

गृहीतक धरण्यात पाप नाही, त्याशिवाय गणित सुरूच होत नाही. पण प्रमुखाने तो सल्ला मानला तर काउंटरवर उभं राहून भोगायचं ते १०१ व्या प्रवाशाने. दोन्ही पेपरांत त्याची भरपाई म्हणून एक ठरावीक रक्कम वजा केली होती. ती कुणी ठरवली? त्याला विचारलं का? ज्युलियन सायमन या अर्थशास्त्रज्ञाने १९६८ मध्येच सुचवलं होतं की लिलाव करा, जो सर्वांत कमी पैशांत खुशीने थांबेल त्याला थांबवा. अमेरिकेत १९७८ च्या सुमारास ते अमलात आलं. तरी २०१७ मध्ये शिकागोला युनायटेडच्या विमानात काय झालं ते आपण सगळ्यांनी पाहिलं. आपल्याच चार कर्मचाऱ्यांना जागा हवी होती, ८०० डॉलरपर्यंत देऊ केले, कुणी उठेना, तर एका प्रवाशाला अक्षरशः फरपटत बाहेर काढलं. नंतर त्याच कंपनीने १०,००० डॉलरपर्यंत देण्याची तयारी जाहीर केली. आपल्या रेल्वेच्या आर.ए.सी.त निदान टेकायला तरी मिळतं! असो.

हे लिहिताना एक जुनी उत्तरपत्रिका आठवते. काळ-काम-वेगाचं उदाहरण होतं, सहा मजूर आठ दिवसांत विहीर खणतात, तर चोवीस मजूर किती दिवसांत? एका मुलाने लिहिलं, 'दोन दिवस. पण चोवीस माणसं विहिरीत मावणार नाहीत.' मी ते वर्गात वाचून दाखवलं. सगळे हसले, मीही. आणि वात्रटपणा म्हणून एक गुण कापला.

गबाळ्या पेपराला मी जास्त गुण दिले. नात दोन दिवस बोलली नाही. काल रात्री फोन आला, "आजी, जोडप्यांऐवजी चौघांची कुटुंबं धरली तर?"

मी उत्तर काढून ठेवलंय, पण सांगितलं नाही. म्हटलं, सत्तावीस कुटुंबं होतात, कर तूच.