आज्ञा मोडली ती राजाने

अमालेकी लोकांवर स्वारी करून, वाटेत कर्मेलला स्वतःचे स्मारक उभारून शौल राजा गिलगालला परतला. संदेष्टा शमुवेल भेटायला आला, तेव्हा त्याने काही विचारण्याआधीच राजाने सांगून टाकले की परमेश्वराची आज्ञा पार पाडली आहे. आज्ञा होती शत्रूचे माणूस, जनावर काहीही न राखण्याची. आणि राजा हे सांगत असताना लुटून आणलेली मेंढरे ओरडत होती, गुरे हंबरत होती. मग हे आवाज कसले, एवढेच शमुवेलाने विचारले. शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकातील १५व्या अध्यायात हा प्रसंग आहे. इस्राएलच्या पहिल्या राजाला आपले राज्य गेल्याचे इथे ऐकावे लागले.

आज्ञाभंगाचे फळ म्हणून हा दाखला प्रवचनांत नेहमी येतो आणि त्याचा रोख बहुधा खालच्या माणसाकडे असतो. थोरामोठ्यांचे ऐका, वरून आलेला शब्द मोडू नका, नाहीतर शौलाची गत होईल. कथेत मात्र आज्ञा मोडणारा देशातला सर्वांत वरचा माणूस आहे. हा फरक एकदा ध्यानात आला की तिचा उपदेश बराच बदलतो.

इस्राएलला मुळात राजा नव्हताच. शमुवेल म्हातारा झाला, न्यायाधीश म्हणून नेमलेले त्याचे मुलगे लाच खाऊ लागले, तेव्हा वडीलधारी मंडळी त्याच्याकडे गेली आणि इतर राष्ट्रांना आहे तसा राजा मागू लागली. शमुवेलाने राजा काय काय नेईल याची यादीच वाचून दाखवली: मुलगे रथांपुढे धावायला, मुली स्वयंपाकाला आणि भाकरी भाजायला, चांगली शेते व द्राक्षमळे दरबाऱ्यांना, धान्याचा दहावा हिस्सा वेगळा. लोकांनी ऐकले नाही. शेजारच्या मिसर देशात राजा स्वतःच देव मानला जाई. इस्राएलमध्ये राजा आला तो अट घालून घेऊन. त्याच्या वर नियम होता आणि तो नियम तोंडावर ऐकवणारा माणूसही होता.

शौलाची सुरुवात उत्तम होती. बन्यामीन वंशातला हा उंचापुरा तरुण बापाची हरवलेली गाढवे शोधायला निघाला आणि अभिषेक घेऊन परतला. राजा म्हणून नाव पुकारले, तेव्हा तो सामानसुमानाच्या आड लपून बसला होता. याबेश-गिलादच्या लोकांचे उजवे डोळे काढण्याची धमकी देणाऱ्या अम्मोन्यांना त्याने पिटाळले आणि विजयाच्या दिवशी, आपली टिंगल करणाऱ्यांना मारू नका, असे बजावले. अशा माणसाचे पुढे बरे व्हायला हवे होते.

म्हणूनच गिलगालची त्याची उत्तरे सावकाश वाचण्यासारखी आहेत. जनावरे कोणी राखली? लोकांनी. बाकीचे कोणी नष्ट केले? आम्ही. एकाच दमात कसूर लोकांच्या खात्यावर गेली आणि कामगिरी आपल्या. जनावरे का राखली? देवाला अर्पण करण्यासाठी. धार्मिक कारण पुढे केले की पुढचा प्रश्न विचारणाराच अडचणीत येतो, हे सत्ताधाऱ्याला तेव्हाही ठाऊक होते. शमुवेल मात्र अडला नाही. यज्ञापेक्षा सांगितलेले ऐकणे मोठे, असे तो म्हणाला. तेव्हा तिसरे उत्तर आले: मी लोकांना भ्यालो. यातले खरे बहुधा हेच. अखेरीस शौलाने पापाची कबुलीही दिली, पण तिला जोडूनच विनंती केली, की वडीलधाऱ्यांसमोर आता माझा मान राखा, माझ्याबरोबर चला. राज्य गेल्याचे ऐकूनही त्याला चिंता होती ती चारचौघांत कसे दिसेल याची.

इथे आजचा वाचक अडखळतो आणि त्याने अडखळावेच. बायका आणि तान्ही मुलेसुद्धा मारण्याची आज्ञा मोडली, तर बिघडले काय? प्रश्न रास्त आहे आणि त्या आज्ञेचे समर्थन करण्याची गरज आम्हांला वाटत नाही. पण शौलाने आज्ञा मोडली ती दयेपोटी नव्हे. ग्रंथ स्पष्ट सांगतो की अमालेक्यांचा राजा अगाग आणि धष्टपुष्ट जनावरे त्याने राखली, टाकाऊ होते ते मारले. एकही मूल वाचले नाही. सदसद्विवेकाने केलेला हा नकार नव्हता, फायद्याचे तेवढे बाजूला काढणे होते. पुरीम सणाच्या आधीच्या शब्बाथला यहुदी प्रार्थनास्थळांत हाच अध्याय वाचतात, आपल्या कोकणातल्या बेने इस्राएल समाजाच्या परंपरेतही. कारण एस्तेरच्या पुस्तकातला खलनायक हामान अगागी, म्हणजे याच अगागाच्या वंशातला, म्हणवला गेला आहे.

खालच्या माणसांच्या आज्ञाभंगाचे हा ग्रंथ काय करतो, तेही पाहावे. पलिष्ट्यांशी लढाई चालू असताना शौलाने शपथ घातली, की संध्याकाळपर्यंत कोणी अन्न खाल्ले तर तो शापित. त्याच्या मुलाला, योनाथानाला हे ठाऊक नव्हते. रानात मध दिसला, काठीचे टोक बुडवून त्याने चाखला. शौल त्याला ठार मारायला निघाला, तेव्हा सैन्य आडवे आले आणि राजाचा शब्द मोडून राजपुत्राला वाचवले. या लोकांना ग्रंथ दोष देत नाही.

दुसरा प्रसंग काळाकुट्ट आहे. पुढे राजा झालेला दावीद शौलापासून पळत असता नोब गावच्या अहीमलेख याजकाने त्याला भाकरी आणि तलवार दिली. एवढ्यावरून शौलाने तिथल्या सगळ्या याजकांना मारण्याचा हुकूम शेजारी उभ्या असलेल्या शिपायांना दिला. शिपायांनी हात उचलला नाही. मग दवेग नावाच्या अदोमी नोकराने एका दिवसात ८५ याजक कापले आणि नोबची बायकामुले, गुरेमेंढरेही तलवारीखाली घातली. अमालेक्यांची धष्टपुष्ट मेंढरे राखणाऱ्या राजाने स्वतःच्या प्रजेच्या गावात काहीच राखले नाही. न हललेल्या त्या शिपायांची नावे कुठे नोंदलेली नाहीत. आज्ञापालनावरच्या प्रवचनांत ते क्वचितच भेटतात.

पुढचे सर्वांना ठाऊक आहे. शौलाने ज्या मांत्रिकांना देशाबाहेर घालवले, त्यांच्यातल्याच एकीकडे त्याला एन-दोरला रात्री वेष पालटून जावे लागले आणि दुसऱ्या दिवशी गिलबोवाच्या डोंगरावर तीन मुलांसह शेवट झाला.

आता एक आक्षेप. शमुवेलाची पुस्तके दाविदाच्या घराण्याकडे झुकलेली आहेत, असे अनेक अभ्यासक म्हणतात. जेत्याच्या पक्षाने आधीच्या राजाचे दोष रंगवले असतील, ही शंका खोटी नाही. पण दाविदाचा गुन्हा तर शौलाच्या गिलगालच्या गुन्ह्यापेक्षा वाईट होता, आणि तोही याच पुस्तकांनी सांगितला. बथशेबेला नेऊन तिच्या नवऱ्याला, उरीयाला, त्याने ऐन लढाईत पुढे उभे करवून मारवले. नाथान संदेष्ट्याने तोंडावर सुनावले, तेव्हा दाविदाने पाप कबूल केले आणि कबुलीला कोणतीही मागणी जोडली नाही. गादी राहिली, पण घरात तलवार शिरली ती कायमची. आपल्याच लाडक्या राजाचे हे प्रकरण शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकाने पूर्ण सांगितले. नंतरच्या काळात लिहिलेल्या इतिहासाच्या पुस्तकाने तोच काळ पुन्हा मांडला, तेव्हा शौलाचा मृत्यू आणि त्याचे दोष ठेवले; बथशेबा-उरीया प्रकरण मात्र गाळले.