आता या वयात कशाला?

गेल्या वर्षी, वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी, मला ऑटिझम असल्याचं निदान झालं. ज्यांना ज्यांना सांगितलं त्यांतल्या बहुतेकांनी एकच प्रश्न विचारला : आता या वयात कशाला? काहींनी काळजीनं विचारलं, काहींनी हसून. शाळेतल्या एका सहकारी बाईंनी पुढं जोडलं, "मॅडम, तुमचं तर सगळं झालंय की." सगळं म्हणजे नोकरी, लग्न आणि दोन मुलं.

पन्नाशीत थायरॉइड निघालं तर हा प्रश्न कुणी विचारत नाही. साठीत साखर निघाली तर माणूस पाहुण्यांना आकडे सांगतो, घरात वेगळा चहा होतो. मेंदूच्या घडणीबद्दल मात्र आपला समज असा, की चाळीस वर्षं ओढलीत ना, मग उरलेलीही ओढा. माझं भांडण या समजाशी आहे.

"कशाला उगाच लेबल लावून घेतेस?" हे त्याच प्रश्नाचं धाकटं भावंडं. अहो, लेबलं मला पहिल्यापासून होती. शाळेत शिष्ट, कॉलेजात घमेंडी, सासरी तुसडी, स्टाफरूममध्ये माणूसघाणी. ती चिकटवायला डॉक्टर लागला नाही, तपासणी लागली नाही आणि त्यांच्याविरुद्ध अपील करायची सोयही नव्हती. लावण्याआधी कुणीतरी समोर बसवून मला चार शब्द विचारले, असं हे आयुष्यातलं पहिलंच लेबल. ते आल्यावर आधीची चार गळून पडली. म्हणजे हिशेबानं तीन कमीच झाली.

मग विचारतात, इतकी वर्षं कुणाच्या लक्षात कसं आलं नाही? या विचारण्यात खरं तर आरोप असतो : आलं नाही, म्हणजे नव्हतंच. याचं उत्तर नीट द्यायला हवं.

माझा जन्म १९८० चा. त्याच वर्षी अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या निदान-पुस्तिकेत ऑटिझमला पहिल्यांदा स्वतंत्र जागा मिळाली आणि तीही शैशवातला विकार म्हणून. बोलता येणाऱ्या, अभ्यासात बऱ्या असणाऱ्या मुलांचं वर्णन करणारं 'अ‍ॅस्पर्जर' हे निदान त्या पुस्तिकेत आलं १९९४ ला. तेव्हा मी चौदा वर्षांची होते. २०१३ मध्ये ते वेगळं नाव काढून सगळं एकाच 'स्पेक्ट्रम'खाली आणलं गेलं, तेव्हा तेहेतीस. आपल्याकडं १९९५ चा अपंगांसाठीचा कायदा झाला, त्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते आणि त्यांत ऑटिझम नव्हता. १९९९ च्या राष्ट्रीय न्यासाच्या कायद्यात तो आला, २०१६ च्या कायद्यातल्या एकवीस प्रकारांत आला. आमच्या तालुक्याच्या गावातल्या कुठल्या मास्तरांनी किंवा डॉक्टरांनी १९८८ साली मला ओळखायला हवं होतं आणि कशाच्या आधारावर?

त्यात मी मुलगी. लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये ११ मुलांवर तो प्रसिद्ध लेख लिहिला, त्यांत आठ मुलगे होते. पुढच्या वर्षी व्हिएन्नात अ‍ॅस्पर्जर यांनी तपशिलानं मांडलेले चौघेही मुलगेच. त्यांच्या जवळजवळ वीस वर्षं आधी मॉस्कोत ग्रुन्या सुखारेवा नावाच्या डॉक्टर बाईंनी सहा मुलग्यांचं तसंच वर्णन केलं होतं आणि त्यानंतर त्यांनी मुलींवरही लिहिलं. त्या बाईंकडं जगाचं लक्ष जायला अनेक दशकं लागली. मला याचं फार आश्चर्य वाटत नाही.

पण पुस्तकांना किती दोष द्यायचा? आपल्या घरांत काय चालतं ते बघा. कुणाच्याही लग्नात, वलिम्यात मी लहानपणापासून एकाच जागी सापडायची : मागच्या अंगणात, भांड्यांपाशी. समोर शंभर बायका, प्रत्येकीच्या हातभर बांगड्या, अत्तराचा वास, लाउडस्पीकर, आणि भेटेल ती गळ्यात पडणार. त्या गर्दीत मला श्वास घेता यायचा नाही. भांडी घासताना मात्र कुणी बोलायला येत नाही, पाणी गार असतं, आणि एक ताट झालं की दुसरं, क्रम ठरलेला. तीन-तीन तास घासायची. सगळे म्हणायचे, काय कामसू पोर आहे! माझा एक चुलतभाऊ असाच माणसांना टाळून गच्चीवर जाऊन बसायचा, तर त्याला आधी मौलवींकडं आणि मग सांगलीला डॉक्टरांकडं नेलं. मुलगा माणसांपासून पळाला तर काळजीचं कारण होतं, आणि मुलगी मोरीकडं पळाली तर तिची स्थळं वाढतात.

नजरेचंही तसंच. डोळ्याला डोळा न देणं हे ऑटिझमचं सगळ्यांत गाजलेलं लक्षण. आपल्याकडं अपंगत्वाचं प्रमाणपत्र देताना ऑटिझम मोजायची जी भारतीय मोजपट्टी वापरतात, तिच्या ४० मुद्द्यांतला पहिलाच मुद्दा तो आहे. आता मला सांगा, पश्चिम महाराष्ट्रातल्या तालुक्याच्या गावात पंधरा वर्षांच्या मुलीनं नजर खाली ठेवली, तर ते लक्षण म्हणून कोण टिपून ठेवील? आमच्या मोहल्ल्यात तिला हयादार म्हणतील, पलीकडच्या गल्लीत सोज्वळ म्हणतील. मला बघायला आलेल्या बायकांनी पसंतीचं कारणच ते सांगितलं होतं. मी खाली बघत होते कारण एकदम सहा चेहरे वाचणं मला जमत नव्हतं आणि गालिच्यावरची नक्षी मोजायला बरी होती. बावीस चौकोन आडवे, चौदा उभे.

आता त्या शब्दाकडं येते, ज्यावर माझा खरा राग आहे : स्वमग्न. मराठीत हाच शब्द रुळलाय. पालकांनी तो मायेनं वापरला, वर्तमानपत्रांनी सवयीनं. मूळ इंग्रजी शब्दातही ग्रीकमधला 'स्व' आहेच. स्विस डॉक्टर ब्लॉयलर यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तो घडवला तो स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांसाठी, जग सोडून आत वळणं या अर्थानं. आपण ती चूक इमानदारीनं मराठीत आणली आणि वर 'मग्न' जोडून तिला गोड केलं. मला कधीतरी स्वतःत मग्न व्हायला मिळालं असतं तर! वर्गातल्या ट्यूबलाइटचा गुंग आवाज, शेजारच्या वर्गातला पाढा, पंख्याची कुरकुर, साडीची निरी, तिसऱ्या बाकावरच्या पोरीनं केसांना लावलेलं तेल, हे सगळं एकाच वेळी आणि सारख्याच जोरानं आत येत असतं. त्यातून वाट काढत मी वीस वर्षं भूगोल शिकवतेय. मग्न असायला आधी दार बंद करता यायला हवं. म्हणून मी ऑटिझम हाच शब्द वापरते. परका असेल, पण निदान माझ्या स्वभावावर शेरा मारत नाही.

निदानाची वाटही सांगते, कारण 'या वयात कशाला' म्हणणाऱ्यांना वाटतं की बाई सहज गेली आणि कागद घेऊन आली. जिल्ह्याच्या ठिकाणच्या पहिल्या डॉक्टरांनी फाइल उघडलीच नाही. शिक्षिका आहात, मुलं आहेत, छान बोलताय, मग कसला ऑटिझम? पुढं पुण्याला चार खेपा झाल्या. तिथं विचारलं, तीन वर्षांच्या असताना तुम्ही कशा होतात, हे सांगणारं कुणी आहे का? अम्मी जाऊन अकरा वर्षं झाली. खालाला घेऊन गेले. ती पंच्याहत्तरीची, दखनीत बोलली : ईदचे नवे कपडे ही पोरगी उलटे घालायची, जरी "चुभती करके रोती थी". सगळे हसायचे. ते ऐकून मानसतज्ज्ञ बाईंनी इंग्रजीत काहीतरी लिहून घेतलं. अहवालात ते 'टॅक्टाइल सेन्सिटिव्हिटी' म्हणून उतरलं. मराठी कुठं नव्हतीच. जिची खाला हयात नाही, जिला इंग्रजी येत नाही, जिला चार दिवसांची रजा आणि एसटीचं भाडं परवडत नाही, ती आयुष्यभर तुसडीच राहणार.

आणि ती सरकारी मोजपट्टी! ३ ते २२ वयाची मुलं डोळ्यांपुढं ठेवून बनवलेली. एकट्यानंच तेच ते खेळ खेळता का, असा त्यात एक मुद्दा आहे. चव्वेचाळीस वर्षांच्या बाईनं यावर काय सांगावं? जणू ऑटिझम असलेली मुलं मोठीच होत नाहीत. कॅनर यांच्या लेखातला पहिला मुलगा, डोनाल्ड ट्रिपलेट, मिसिसिपीतल्या आपल्या गावात बँकेत नोकरी करून, गोल्फ खेळून, हौसेनं जग फिरून ८९ व्या वर्षी, २०२३ मध्ये वारला. ऑटिझमचा इतिहास ज्याच्यापासून सुरू होतो तो माणूस म्हातारा झाला, तरी आपल्याकडच्या पोस्टरवर अजून पाच वर्षांचं पोरगंच असतं.

"थोडा थोडा ऑटिझम सगळ्यांनाच असतो" म्हणणाऱ्यांवर मी फार वेळ घालवत नाही. चार जिने चढल्यावर धाप सगळ्यांना लागते, म्हणून सगळ्यांना दमा नसतो.

एक आक्षेप मात्र टाळण्यासारखा नाही. माझ्या शाळेतल्या एका विद्यार्थिनीची आई मला भेटली. तिचा धाकटा मुलगा नऊ वर्षांचा, बोलत नाही, अजून हातानं जेवत नाही. ती म्हणाली, "मॅडम, तुम्ही लेख लिहिता, आणि माझ्या पोराला जो आजार तोच तुम्हाला म्हणता. उद्या लोक म्हणतील, या बाईंचं चाललंय ना, मग याचं का नाही?" तिची भीती खरी आहे. २०१६ च्या कायद्यानं सरकारी नोकऱ्यांत अपंगांसाठी ४ टक्के जागा ठेवल्या, त्यांतल्या एका टक्क्यात ऑटिझम, बौद्धिक अपंगत्व, अध्ययन अक्षमता, मानसिक आजार आणि बहुविकलांगता हे सगळे एकत्र कोंबले. एवढ्याशा भाकरीवर इतकी माणसं बसवली की शेजाऱ्याचा घास मोजला जाणारच. पण भाकरी लहान केली ती माझ्या निदानानं नव्हे. तिच्या मुलाला जेवढा आधार लागतो तेवढा मला लागत नाही, हे मी कुठंही लिहून द्यायला तयार आहे. तो आधार त्याला मी निदान न करून घेतल्यानं मिळणार होता का?

तिला मी एवढंच सांगितलं, आणि मग आम्ही बराच वेळ दुसरंच बोलत बसलो. मुलगा शाळेच्या बसमध्ये रोज किंचाळतो, का ते कुणालाच कळत नाही. मी विचारलं, बस कुठली, तो कुठं बसतो, दार उघडताना आवाज येतो का? हवेच्या दाबानं फुस्स करून उघडणारं दार होतं, आणि तो पहिल्याच सीटवर बसायचा. ती म्हणाली, उद्या मागं बसवून बघते.