वाळवणाचे यंत्र घेण्याआधी



फाल्गुन सरला की आपल्या अंगणात बाजा निघतात. कुरडया, पापड, सांडगे यांच्या ओळी लागतात. ऊन भरपूर असते आणि त्याचे बिल येत नाही. मग वाळवणासाठी विजेचे यंत्र कशाला, असे सासूबाई म्हणाल्या तर त्यांचे काही चुकले नाही. पण मेथी उदंड होते ती थंडीत, तेव्हा उन्हाला जोर नसतो. पावसाळ्यात तर चार दिवस सूर्यच दिसत नाही. टोमॅटोचा भाव पडतो तेव्हा क्रेट बांधावर ओतावे लागतात. म्हणून सुनेचेही खोटे नाही. मात्र पट्टीचे पैसे यंत्रात घालण्याआधी दोघींनी बसून हिशेब करावा.

टोमॅटोत शंभरात चौऱ्याण्णव भाग पाणीच असते. १० किलो टोमॅटो नीट वाळले की ७०० ग्रॅमही भरत नाहीत. ५०० वॅटचे यंत्र १० तास सतत चालले तर ५ युनिट वीज जळते. एका खेपेला किती किलो माल मावतो ते दुकानदाराला विचारावे आणि किलोमागे खर्च काढावा. घरच्या चार माणसांपुरती मेथी वाळवायची असेल तर सावलीतले स्वच्छ धोतर पुरे.

घ्यायचेच ठरले तर उष्णता कमी-जास्त करण्याची कळ आणि पंखा, दोन्ही असल्याशिवाय घेऊ नये. पंखा तळाशी असेल तर खालच्या चाळण्या आधी वाळतात, त्या मधूनमधून वर-खाली कराव्या लागतात. पंखा मागच्या बाजूला असेल तर हा त्रास कमी. चाळणी स्टीलची किंवा खाद्यपदार्थांसाठीच्या प्लॅस्टिकची असावी. जस्ताचा मुलामा दिलेल्या जाळीवर टोमॅटो, कैरी असे आंबट पदार्थ ठेवू नयेत.

वीज भरवशाची नसेल तर सौर पेटीचा विचार करावा. तिचे तोंड दक्षिणेकडे, आतून काळा रंग, हवा आत यायला खाली आणि दमट हवा जायला वर जाळीची भोके. धूळ, माश्या, कोंबड्या यांपासून माल वाचतो. एस फोर एस टेक्नॉलॉजीज या कंपनीने शेतकरी महिलांना सौर यंत्रे देऊन माल वाळवण्याचा उद्योग उभा केला. त्या कामाला २०२३ साली अर्थशॉट पुरस्कार मिळाला. चार घरांनी मिळून एक पेटी घेतली तरी हरकत नाही.

आता वापराचे. माझे स्वतःचे एकदा फसले आहे. लवकर उरकावे म्हणून कांद्याला पहिल्यापासून कडक उष्णता दिली. वरून काप कुडकुडीत झाले, आत ओल राहिली. तसेच गरम गरम डब्यात भरले. श्रावणात झाकण उघडले तर काळी बुरशी! सगळा डबा उकिरड्यावर गेला. बुरशी आलेला माल वरवर निवडून खाऊ नये, जनावरांनाही घालू नये.

तेव्हा काप सारख्या जाडीचे करावेत आणि एकच थर पसरावा. भाज्यांना ५५ ते ६० अंश उष्णता पुरते, मेथी-कोथिंबिरीला ४० ते ४५. गवार आधी तीन-चार मिनिटे उकळत्या पाण्यातून काढून लगेच गार पाण्यात टाकावी, कोरडी करून मग पसरावी. कांद्याला याची गरज नाही. मधेच वीज गेली तर दार उघडून माल कापडावर पसरावा, बंद पेटीत तो आंबतो.

वाळले की नाही हे गार झाल्यावरच पाहावे. मेथीचा चुरा व्हावा, कांद्याचा काप कटकन मोडावा. वजनाचा ताळाही घ्यावा. मग काचेच्या बरणीत पाऊण भरून आठवडाभर रोज हलवावे. काचेला आतून दव दिसले तर माल पुन्हा वाळवावा. दव नसेल तर झाकण घट्ट लावून अंधाऱ्या, कोरड्या जागी ठेवावे आणि बरणीवर तारीख लिहावी.

आणि एक सांगते. या वर्षी पाच किलोच करून पाहा. आषाढात बरणी उघडून भाजी घरातल्या सगळ्यांना आवडली, तर पुढल्या पट्टीचे पैसे खुशाल यंत्रात घाला.