वेळेवर ऐकलेला एपिसोड

२०१७च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजुरांचे जीव गेले. अशा जिल्ह्यासाठी सुरक्षित फवारणीवर पॉडकास्ट करणाऱ्याने डॅशबोर्ड उघडताना आधी एकच विचारावे : पंप पाठीवर चढण्यापूर्वी हा एपिसोड किती जणांनी ऐकला? एकूण डाउनलोडमध्ये याचे उत्तर नसते. डिसेंबरात वाढलेला आकडा ऑगस्टच्या फवारणीला कामाचा नाही.

म्हणून एपिसोड चढवण्याआधीच त्याची मुदत ठरवा. हंगामी सल्ल्याचा हिशेब पहिल्या सात दिवसांवर करा. लोककथा किंवा दीर्घ मुलाखतीला तीन महिने द्या. तुलना करायची तर सारख्याच मुदतीची आणि सारख्याच प्रकारच्या एपिसोडची. दोन वर्षे जुन्या एपिसोडचा एकूण आकडा कालच्या एपिसोडसमोर ठेवून काहीच कळत नाही.

डाउनलोड कशाला म्हणतात, हेही पक्के हवे. पॉडकास्ट मोजणीचे आयएबी टेक लॅबचे निकष पाळणारी होस्टिंग सेवा किमान एक मिनिटाचा ध्वनी उतरला तरच डाउनलोड धरते. आयपी पत्ता आणि ॲप तेच असेल, तर २४ तासांतल्या वारंवार मागण्या एकच मोजते. फाइल पोहोचली, एवढेच त्यातून कळते. सप्टेंबर २०२३मध्ये आयओएस १७ आल्यावर ॲपल पॉडकास्टने आपोआप होणारी डाउनलोड आवरती घेतली आणि अनेक कार्यक्रमांचे आकडे घसरले. ऐकणारे गेले नव्हते. न ऐकता साठणाऱ्या फायली थांबल्या होत्या.

बोंडअळीचा अनुभव असलेल्याला हे सहज पटेल. कामगंध सापळ्यात सलग तीन दिवस रोज आठ पतंग सापडले की सावध व्हायचे, पण हिरवी बोंडे फोडल्याशिवाय आतली अळी दिसत नाही. डाउनलोड हा सापळा आहे. बोंड फोडायचे, तर ॲपल आणि स्पॉटिफाय देतात तो ऐकण्याचा आलेख उघडावा लागतो. समजा, अठरा मिनिटांच्या एपिसोडमध्ये हातमोजे, मास्क आणि वाऱ्याची दिशा यांबद्दलची माहिती बाराव्या मिनिटाला येते आणि आलेख चौथ्यालाच कोसळतो. मग पाहुण्यांची लांबलचक ओळख कापा आणि जिवाशी गाठ असलेली गोष्ट पहिल्या दोन मिनिटांत सांगा.

आलेखालाही न दिसणारे श्रोते आहेत. मोबाइल नेटवर्कवरचा माणूस आयपी पत्त्यामुळे भलत्याच शहरात नोंदला जाऊ शकतो. डॅशबोर्डवरच्या ठिकाणांच्या यादीत झरी-जामणी किंवा महागाव नाही, म्हणून तिथे कोणी ऐकत नाही असे ठरवू नका. व्हॉट्सॲपवर फिरणारी ऑडिओ फाइल आणि एका फोनभोवती बसून ऐकणारी चार माणसे यांची तर कुठेच नोंद होत नाही.

त्यांच्यापर्यंत पोहोचण्याची वाट महाराष्ट्रानेच दाखवली आहे. १९५६ साली युनेस्कोच्या साहाय्याने पुणे आकाशवाणीने पाच जिल्ह्यांतल्या १५० गावांत शेतकऱ्यांची रेडिओ मंडळे चालवली. टाटा समाजविज्ञान संस्थेने मूल्यमापन करताना रेडिओ किती वाजला एवढ्यावर भागवले नाही. मंडळ असलेली गावे, नुसता रेडिओ असलेली आणि रेडिओही नसलेली गावे निवडून, कार्यक्रमांच्या आधी आणि नंतर लोकांना काय माहीत आहे, हे तपासले. ऐकून चर्चा करणाऱ्या गावांत माहिती स्पष्टपणे वाढली होती.

आपल्याला एवढा पसारा नको. दारव्हा, वणी, पांढरकवडा अशा ठिकाणच्या कृषी केंद्रांवर आणि आठवडी बाजारात थोड्या लोकांना तीन प्रश्न विचारा : ऐकले का, कोणाकडून मिळाले, ऐकून काय बदलले? ही उत्तरे एका वहीत सात दिवसांच्या डाउनलोडशेजारी लिहा. जाहिरातदाराला एकूण आकडा खुशाल दाखवा; पुढचा एपिसोड कसा करायचा, हे मात्र या वहीवरून ठरवा.