चखणा की जेवण?

दारूबरोबर काय खायचं, यासाठी मराठीत खास शब्द आहे: चखणा. जेवणाबरोबर काय प्यायचं, यासाठी ताक आहे, कढी आहे, सार आहे. दारूला त्या रांगेत जागा नाही. आपल्याकडे खाणं दारूच्या चाकरीला असतं. दारूने जेवणाची चाकरी करायची असते, हे आपल्याला सुचतच नाही. आपल्या पिण्याची सगळी गोची इथे आहे, असं माझं म्हणणं आहे.

मी अंबाजोगाईत, घरून काम करणारा सॉफ्टवेअर इंजिनिअर. घरी धपाटे-दह्याचा बेत असला की कधीमधी मी सोआवे उघडतो. इटलीत व्हेरोनाजवळ गार्गानेगा या द्राक्षापासून होणारी ही साधी पांढरी वाईन. अल्कोहोल १२ टक्क्यांच्या आसपास. थंडगार प्यायली की तिचा आंबटपणा धपाट्याचं तेल कापतो, लिंबू पिळल्यासारखा. ठेचा मात्र त्या दिवशी लांब ठेवायचा, कारण अल्कोहोलने तिखट आणखी भडकतं. एक ग्लास, जेवणाबरोबर, आईसमोर. आईने एकदा वास घेतला आणि म्हणाली, "नासलेल्या पन्ह्यागत येतोय की रे." तिचा नकार मला मान्य आहे. तो चवीचा आहे.

मान्य नाही तो दुसरा सवाल: "योगेश्वरीच्या, मुकुंदराज-दासोपंतांच्या गावात हे शोभतं का?" विचारणाऱ्यांना गावातले परमिट रूम संध्याकाळी भरलेले दिसतात. त्यावर कुणी संतांना मध्ये आणत नाही. म्हणजे आक्षेप दारूला नाहीच, घरातल्या ताटाशेजारच्या जागेला आहे. 'बाहेर काय करायचं ते कर, घरात नको' याला आपण संस्कार म्हणतो. मी त्याला लपवाछपवी म्हणतो.

२७ जानेवारी २०२२ रोजी राज्य मंत्रिमंडळाने मोठ्या सुपरमार्केटमध्ये वाईन विकू द्यायचं ठरवलं, तेव्हा हीच लपवाछपवी राज्यभर दिसली. एका बाजूने 'वाईन म्हणजे दारू नव्हे', दुसरीकडून 'मद्यराष्ट्र'. निर्णय कागदावरच राहिला. दोन्ही बाजू चुकत होत्या. वाईन दारूच आहे. अल्कोहोलचं कोणतंही प्रमाण सुरक्षित नाही, असं जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट सांगितलं आहे. हृदयाला बरी असते वगैरे थापा मी मारणार नाही. मी चवीसाठी पितो, आणि तेवढं कारण सज्ञान माणसाला पुरेसं असावं.

खरा आक्षेप बायकांचा आहे आणि त्याच्यापुढे मी मान खाली घालतो. गावातलं दुकान बंद करायला 'उभी बाटली, आडवी बाटली' असं मतदान होतं, तेव्हा आडव्या बाटलीवर शिक्का मारणाऱ्या बाईला वाईनची संस्कृती शिकवायला जाणं हा निव्वळ निर्लज्जपणा आहे. तिचा नवरा रिकाम्या पोटी पितो, शेंगदाण्यांवर रात्र काढतो, आणि तिने झाकून ठेवलेलं ताट सकाळी तसंच असतं. पण ते झाकलेलं ताट काय सांगतं? पिणं जेवणापासून तुटलं, घरच्यांच्या नजरेपासून तुटलं, की ते कुणालाच जबाबदार राहत नाही. घरात प्यायल्याने माणूस सुधारतो असं नाही. मारणारा घरातही मारतो. पण बाहेर लपून पिण्याला प्रतिष्ठा देऊन आपण त्या बाईचं कोणतं भलं केलं?

उरले शहरातले वाईनवाले. ग्लास गोल फिरवणारे, 'नोट्स' सांगणारे. आयात वाईनवर वर्षानुवर्षं १५० टक्के सीमाशुल्क लागलं, त्यामुळे इटलीत रोजच्या पास्त्याबरोबर जग भरून येणारी वस्तू आपल्याकडे शोकेसमध्ये जाऊन बसली. यांनी तिचं देवघर केलं. दोन हजारांच्या बाटलीची ऐट मिरवायची असेल तर परमिट रूममधला माणूस जास्त प्रामाणिक. मला इटलीची बाटलीही अडलेली नाही. नाशिकची शेनिन ब्लांकही धपाट्यांबरोबर चालते. घेण्यासारखी आहे ती त्यांची रीत: आधी ताट वाढायचं, मग ग्लास भरायचा, ताट संपलं की बाटलीला बूच.

ज्याला पटत नाही त्याने पिऊ नये, बाटली आडवी करावी. मी त्याच्या बाजूने उभा राहीन. पण जो पितो आणि घरच्यांसमोर जेवताना पिणाऱ्याला नावं ठेवतो, त्याने एवढंच सांगावं: आईसमोर जी पिता येत नाही, ती हायवेवर पिण्यात कसले संस्कार?